ड्रॉइंग कुणाचं?

काल रात्री चिंचवडच्या कट्ट्यावर दादा जरा गप्पच होता. भोसरीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, आणि वडिलांच्या वेळची एक लेथ. एका परदेशी कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरला तो माल देतो. परवा बुशांचा, म्हणजे धातूच्या छोट्या नळकांड्यांचा, अख्खा लॉट नापास म्हणून लाल टॅग लावून परत आला.

मास्तर लगेच तापला. "बाहेरचा पैसा आला की आपला माणूस भरडलाच जातो. कोका-कोला १९७७ ला गेली, १९९३ ला परत आली आणि पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकत घेऊन मोकळी झाली!"

"थम्स अप अजून विकतंय की," दादा म्हणाला. "आणि टॅगचं म्हणशील तर चूक माझीच. बोअर, म्हणजे आतलं भोक, वीस मायक्रॉन मोठा गेला; मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. पूर्वी मी व्हर्नियरच्या साध्या मापावर भागवायचो, मायक्रॉन बघायला त्यांच्याच ऑडिटमुळे शिकलो."

मला दोघांचंही अर्धंच पटलं. आकुर्डीचं बघा ना. बजाज पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायचे. १९७१ ला परवाना संपला, सरकारने वाढवून दिला नाही. तोवर हात बसला होता, त्यातूनच चेतक आली. उलट कायनेटिकने १९८४ ला होंडाशी हातमिळवणी केली. बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी स्कूटर मिळाली, घराघरांतल्या मुली-बायका गाडी चालवू लागल्या. ही फार मोठी गोष्ट. पण १९९८ ला होंडा बाहेर पडली, पुढे स्वतःची कंपनी काढून तिने अ‍ॅक्टिव्हा आणली. कायनेटिकचा स्कूटरचा धंदा २००८ मध्ये महिंद्राकडे गेला.

"पण चेतकच्या वेळी बाजार बंद होता," दादाने अडवलं. "माझ्या बापाने नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली. त्या शिकण्याची किंमत गिऱ्हाइकाने मोजली."

हे खरंच आहे. पण बाहेरचा माणूस उठून गेला तर आपल्या हाती काय उरणार, हे करार करतानाच बघायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून मी दादाला विचारलं, "तुझ्या बुशाचं ड्रॉइंग कुणाचं?"

"त्यांचं." थोडं थांबून म्हणाला, "मशीनवर बुश घट्ट धरणारं फिक्श्चर मात्र माझं. मीच डिझाइन केलंय."

मास्तर पुढे सरकला. "मग ते दुसऱ्या कुणाच्या कामाला चालेल?"

"चालेल. जबडे तेवढे बदलावे लागतील." दादाने चहाच्या बिलामागे पेनने जबडे काढून दाखवायला सुरुवात केली.