दीडशेंचा ग्रुप नको, पाच जणांचा कट्टा करा

स्वयम्-एनपीटीएलचा (सरकारी पोर्टलवरचा, आयआयटीसारख्या संस्थांतल्या प्राध्यापकांचा ऑनलाइन) कोर्स पोरं मध्येच सोडतात, तेव्हा दोष विषयाला देतात. माझं मत वेगळं आहे. जुलैची बॅच सुरू होते, पहिले तीन-चार आठवडे उत्साहात जातात आणि मग गणपती येतात. दोन असाइनमेंट बुडतात. पोरगं मनातल्या मनात ठरवून टाकतं, "गेला कोर्स." गेलेलं काहीच नसतं! बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम 8 असाइनमेंटचेच गुण धरतात. पण हे त्याला त्याच दिवशी सांगणारं कोणी नसतं. वर्गात असता तर शेजारच्या बाकावरून कळलं असतं.

हा शेजारी ऑनलाइन उभा करायचाय. कॉलेजं त्यासाठी दीडशे जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून मोकळी होतात. पंधरवड्यात तिथे "गुड मॉर्निंग" आणि "कोणाकडे नोट्स आहेत का" एवढंच उरतं. दीडशेंत कोण गळालं ते कोणाला कळत नाही. पाचांत लगेच कळतं.

तेव्हा पाच जण, एकच कोर्स, आठवड्यातून तीन ठरलेल्या वेळा. फुकटच्या गूगल मीटवर तिघांपेक्षा कमी नसाल तर तासाभराने कॉल तुटतो, म्हणून बैठक 50 मिनिटांचीच ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकाचं एक वाक्य: "आज तिसऱ्या आठवड्याचे दोन व्हिडिओ आणि प्रश्न 1 ते 5." नुसतं "अभ्यास करणार" चालणार नाही, कारण ते झालं की नाही हे तपासता येत नाही. मग चाळीस मिनिटं सगळे म्यूट, ज्याचं त्याचं काम. शेवटच्या पाचांत काय झालं, कुठे अडलं. कॅमेऱ्याचा हट्ट नको. गावाकडे मोबाइल डेटावर बसलेला पोरगा त्या हट्टापायीच पहिला गळतो.

ग्रुपची माती होते ती उत्तरांच्या देवाणघेवाणीत. असाइनमेंटचे 25 गुण, परीक्षेचे 75. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान 10 आणि परीक्षेत किमान 30, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. उत्तरं छापून 25 पैकी 25 आणले, परीक्षेत 28 पडले, बेरीज 53 झाली, तरी हातात काही नाही. म्हणून मुदत संपेपर्यंत उत्तर सांगायचं नाही. "दुसऱ्या व्हिडिओत बाराव्या मिनिटाला बघ," इथपर्यंतच मदत.

दुसरा घोळ हुशार मेंबराचा. तो मास्तर होतो आणि बाकीचे चौघे श्रोते. त्याला आवरा (तो दुखावत नाही, उलट सुटतो बिचारा). ज्याचं अडलंय त्यानेच आधी सांगायचं, कुठपर्यंत समजलं आणि कुठून अंधार झाला. निम्म्या वेळा बोलता बोलता त्याचं त्यालाच सापडतं.

कोणी लागोपाठ दोनदा आला नाही तर ग्रुपवर "कुठे आहेस रे?" टाकू नका, चारचौघांत तो आणखी दडून बसेल. एकाने फोन करायचा. का आला नाहीस हे विचारायचंच नाही. "उद्या आठला पाचवा आठवडा सुरू करतोय, तिथूनच ये, मागचं नंतर बघू."

आणि एक. परीक्षेची नोंदणी कोर्सच्या नोंदणीपेक्षा वेगळी असते, तिची मुदतही वेगळी. अभ्यास करूनही पोरं इथे चुकतात. ही तारीख एकाच्या अंगावर टाका आणि पाचही जणांचे फी भरल्याचे स्क्रीनशॉट आल्याशिवाय त्या दिवशीचा कॉल बंद करू नका.