पापणीवाला बांगडा

मुलांच्या खोलीला 'थीम' असते, हे चिरंजीव पाच वर्षांचे होईपर्यंत मला माहीत नव्हतं. आमच्या लहानपणी खोलीची थीम एकच होती. भाताची कणगी, आणि तिच्या शेजारी जागा उरलीच तर आम्ही. पण चिरंजीवांनी पुण्याला नातेवाइकांकडे जंगलाची खोली पाहिली, छताला लोंबणाऱ्या माकडासकट, आणि मालवणला परत येताना घाटातच जाहीर केलं की आपली खोली समुद्राची.

"अरे, समुद्र खिडकीतून दिसतो की!"

"त्यात ऑक्टोपस दिसत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायकोकडे असावं, पण ती तोवर मोबाइलवर निळ्या खोल्यांचे फोटो बघायला लागली होती.

नागपुरात समुद्र रंगवणं सोपं असणार. निळा रंग फासायचा, वर चार नारिंगी मासे सोडायचे, येणारा-जाणारा वाहवा करतो. मालवणात दारात येणारा प्रत्येक माणूस मासळीतला जाणकार. इथे मासा काढणं म्हणजे गवयाच्या घरी जाऊन गाणं.

सुरुवात मात्र भिंतीपासूनच झाली. घर जांभ्याचं, आणि आतून पिढ्यान्‌पिढ्यांचा चुना. चुन्यावर प्लास्टिक पेंट धरत नाही, सगळं खरवडायला लागेल, असं पेंटरने सांगितलं आणि तो पत्रा घेऊन सुरू झाला. एकेक थर निघायला लागला तशी आई तिथेच खुर्ची टाकून बसली. निळीचा थर निघाला. "हो तुझ्या मुंजीचो." खाली पिवळा. "हो तुझ्या बापाशीक नोकरी लागली तेव्हाचो." त्याच्याखालचा गुलाबी आत्याच्या लग्नाचा निघाला. मग त्या लग्नात कोण कोणाशी भांडलं ते सगळं निघालं. पेंटरचा हात पत्र्यावर आणि कान आत्याच्या लग्नात, त्यामुळे ती भिंत उरकायला बराच वेळ गेला.

मग पुट्टी, घासकाम, प्रायमर. पांढरी धूळ चहात, अंथरुणात, उकड्या भातात. शेडकार्डवर निळ्यांचीच पानंच्या पानं. बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठ्या चौकोनावर जो निळा सौम्य वाटला, तो चार भिंतींवर चढल्यावर अंगावर यायला लागला. आई म्हणाली, सुकल्यावर उजळेल. तिचा सगळा अनुभव चुन्याचा. चुना सुकला की उजळतो हे खरं, पण इमल्शन, म्हणजे हा प्लास्टिक पेंट, उलट गडद होतो. पेंटरला हे ठाऊक होतं, पण तो तिच्यासमोर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत दिवा लावून जावं लागलं. शेवटी पांढऱ्याचा आणखी एक डबा आला.

मासे काढायला हाच पेंटर, कारण त्याचा हात चित्राचा. पावसाळ्यात तो गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, बसतो. डोळ्यांची आखणी करावी तर त्यानेच, असं गावात म्हणतात. ती ख्याती भिंतीवर उतरली. बांगड्याला लांबसडक रेखीव डोळे आले, वर कमानदार पापण्या, नजरेत अपार करुणा. ऑक्टोपसकडे बघितल्यावर तर हात आपोआप जोडले जात, आणि त्याचा उजवीकडचा एक हात चक्क आशीर्वाद देत होता.

आई बराच वेळ बघत राहिली. "बांगड्याक पापण्यो खंय असतत रे?"

"दादानू," पेंटर मला म्हणाला, "हात तसोच जाता."

मग गर्दी सुरू झाली. मासळीवाल्या काकी टोपली पडवीत ठेवून आत आल्या. सरंग्यावर राखाडी जरा जास्त बसला होता. "सरंगो नाय ह्यो, हलवो." सुरमईचे पट्टे आडवे गेले होते, तेही त्यांनी उभे करायला लावले. "आणि असलो डोळ्यांचो बांगडो लिलावात कोण घेवचो नाय." स्कुबावाल्या पोरट्याने पाण्यावरच आक्षेप घेतला. मालवणच्या समुद्रात इतकं लांबचं कधी दिसतं का? शिवाय 1987 पासून आपल्याकडे सागरी अभयारण्य आहे, आपले स्वतःचे प्रवाळ आहेत, मग हे गुलाबी कुठल्या देशातलं? चिरंजीवांचा हट्ट वेगळाच. देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, त्याची शेपटी आडवी असते, ती उभी का काढली? शेपटी आडवी झाली. ती आता स्विचबोर्डावर येते, त्यामुळे पंखा लावायचा म्हणजे देवमाशाला गुदगुल्या.

पापण्या मात्र कोणी पुसू दिल्या नाहीत. बायकोला त्या आवडल्या होत्या.

जून उजाडला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी, म्हणजे घरात ताजी मासळी काय ती भिंतीवरच. आई जेवण झालं की नातवाच्या खोलीत जाऊन बसायची. नातवाला वाटायचं, आजी गोष्ट सांगायला आली. ती सुरमईकडे बघत तुकड्या किती पडतील याचा हिशेब करायची.

आणि पश्चिमेची भिंत. जांभा पाणी पितो, बाहेरून झोडपणारा पाऊस आत झिरपतो, आणि प्लास्टिक पेंट त्याला वाट देत नाही. जुलैत ऑक्टोपसच्या बगलेत फुगा आला, फुटला, पोपडा पडला. आत लोणा, म्हणजे भिंतीतून फुटलेला क्षार. त्याच्याभोवती काळी बुरशी पसरत पार प्रवाळापर्यंत गेली. बायकोने डोक्याला हात लावला. मी पेंटरला फोन लावला, तर तो शाळेत बसलेला, चतुर्थी होईपर्यंत हलणार नव्हता. एवढ्यात चिरंजीव नाचत आले.

"आजी, ऑक्टोपसने शाई सोडली!"

आई चष्मा लावून जवळ गेली. त्या काळ्या ओघळावरून लांबूनच बोट फिरवलं. एवढ्या महिन्यांत तिने त्या भिंतीला पहिल्यांदाच पसंती दिली.

"ह्यां मात्र खरां वाटता."