‘आडवा आला तो दोषी’ : अपघाताच्या भरपाईबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

‘प्रत्येक गाडीवाल्याने जपून ठेवावे’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या भावकीच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरतो आहे. खाली ‘एका ज्येष्ठ वकिलांकडून’ एवढेच लिहिलेले आहे. वकिलांचे नाव नाही, कायद्याचे कलम नाही, एकाही निकालाचा उल्लेख नाही. त्यातील विधाने थोडक्यात अशी आहेत. मुख्य रस्त्यावरची गाडी नेहमी निर्दोष असते आणि बाजूच्या रस्त्याने आडवा आलेला शंभर टक्के दोषी असतो, त्यामुळे त्याच्या गाडीवरच्या कोणालाही छदाम मिळत नाही. मोठी गाडी लहान गाडीला धडकली तर चूक मोठ्या गाडीचीच. मागून ठोकणारा नेहमी दोषी. लायसन्स किंवा हेल्मेट नसेल तर दावा बाद. जागच्या जागी ‘तक्रार नाही’ असे लिहून घेतले की विषय संपला. आणि शेवटी, नव्या कायद्यात 10 वर्षांची शिक्षा असल्यामुळे अपघात झाला तर थांबू नका, निघून जा.

असले संदेश मी एरवी पुसून टाकतो. हा पुसता आला नाही, कारण माझ्या मावसभावाने त्यावर विश्वास ठेवून स्वतःचे आणि त्याहून अधिक माझ्या वहिनींचे नुकसान करून घेतले. गावरस्त्याने येऊन तो स्कूटरवरून मोठ्या रस्त्यावर चढत होता, मागे वहिनी बसल्या होत्या, कोपऱ्यापर्यंत ऊस उभा असल्याने उजवीकडचे काही दिसत नव्हते, आणि भरधाव आलेल्या एका मोटारीने स्कूटरला धडक दिली. वहिनींचे मनगट मोडले. जमलेल्या लोकांपैकी एकाने हाच संदेश मोबाइलवर काढून दाखवला, ‘आडवे तुम्ही आलात, तुम्हाला काही मिळायचे नाही’ असे समजावले, आणि टपरीवर उभ्या उभ्या वहीच्या फाडलेल्या पानावर ‘चूक माझी आहे, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असे लिहून भावाने सही केली. मोबदल्यात स्कूटरच्या दुरुस्तीपुरते पैसे मिळाले.

संदेश लिहिणाऱ्याने स्वतःचीच दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचली असती तरी पुरे होते. मुख्य रस्त्याने ट्रक येतो आहे आणि बाजूच्या रस्त्याने दुचाकी आडवी आली, असे समजू. पहिल्या नियमाप्रमाणे दुचाकीस्वार शंभर टक्के दोषी, आणि दुसऱ्या नियमाप्रमाणे ट्रकचालक. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, आणि कायद्यात दोन्हींपैकी एकही नियम या रूपात नाही. अवजड वाहनाच्या चालकाने अधिक सावध असावे असे न्यायालये म्हणतात, तेवढा अंश खरा आहे. पण अधिक सावधगिरीची अपेक्षा म्हणजे आपोआप चिकटणारा दोष नव्हे.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. चौकात कोणी कोणाला वाट द्यायची याचे नियम आपल्याकडे आहेत, हे आधी मान्य करतो. 1989 च्या रस्ता वाहतूक नियमांत ते होते, आणि 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांनी त्यांची जागा घेतली. मुख्य रस्ता म्हणून निश्चित केलेल्या रस्त्यावर प्रवेश करणाऱ्याने त्या रस्त्यावरच्या वाहनांना वाट द्यावी; तसा भेद नसेल आणि सिग्नल किंवा पोलीसही नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी. तेव्हा गावरस्त्याने येणाऱ्याने थांबायला हवे होते, ही संदेशातली गोष्ट खरी आहे. पण त्याच नियमांत चौक, तिठा, वळण किंवा पादचारी मार्ग जवळ आला की प्रत्येक चालकाने वेग कमी करावा, आणि कोणाला धोका नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, असेही सांगितलेले आहे, आणि त्यातून मुख्य रस्त्यावरच्या चालकाला वगळलेले नाही. वाट मिळण्याचा हक्क म्हणजे ब्रेकवरून पाय काढण्याची परवानगी नाही. लांबून दिवे मारले किंवा हॉर्न दाबला म्हणजे पुढे जाण्याचा हक्क आपल्याकडे आला, ही समजूत तर आपल्या रस्त्यांवर इतकी रुळली आहे की तिच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे प्रश्न ‘आडवा कोण आला’ एवढाच नसतो. वेग किती होता, ब्रेकच्या खुणा कुठून सुरू होतात, गाडीचा कोणता भाग चेपला, चौकात फलक होता की नाही, साक्षीदार काय सांगतात, हे सगळे तपासून दोष वाटून दिला जातो, आणि तोही फौजदारी खटल्यासारखा संशयातीत सिद्ध करावा लागत नाही. अधिक संभाव्य काय, एवढे पाहिले जाते. पंचनाम्यात गाड्या कोणत्या जागी आढळल्या एवढ्यावरूनच जखमीच्या माथी दोष मारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलेले आहे.

समजा, न्यायाधिकरणाने स्कूटरचालकाचा दोष 60 टक्के आणि मोटारचालकाचा 40 टक्के ठरवला, आणि स्कूटरचालकाचे नुकसान 5 लाख रुपये मानले. जखमीच्या स्वतःच्या वाट्याला आलेल्या अशा दोषाला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. त्यामुळे दावा फेटाळला जात नाही, फक्त रक्कम त्या प्रमाणात कमी होते, म्हणजे या उदाहरणात मोटारीच्या विमा कंपनीकडून त्याला 2 लाख मिळतील. ज्याची चूक अधिक त्यालाही शून्य मिळत नाही, हे संदेशकाराच्या गावीही नाही.

मागे बसलेल्या व्यक्तीची गोष्ट तर पूर्ण वेगळी आहे, आणि संदेशातले सर्वांत घातक शब्द ‘त्याच्या गाडीवरच्या कोणालाही’ हेच आहेत. मागे बसलेली बाई गाडी चालवत नव्हती. तिचा दोष काहीच नाही. तिच्या बाबतीत दोन चालकांच्या चुकांमुळे तिसऱ्याला इजा झाली, म्हणजे तो संयुक्त निष्काळजीपणा ठरतो. खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने 2015 मध्ये ही गोष्ट कायमची स्पष्ट केली. बस आणि ट्रेलर-ट्रकच्या धडकेचे ते प्रकरण होते. न्यायालयाने सांगितले की अशा वेळी जखमी व्यक्ती दोघांपैकी कोणत्याही एकाकडून संपूर्ण भरपाई मागू शकते. दोघांवर दावा करणे तिच्यावर बंधनकारक नाही, आणि दोघांनी आपापसांत हिस्सा कसा वाटायचा ही तिची डोकेदुखी नाही. ज्याने पूर्ण रक्कम भरली त्याने दुसऱ्याकडून त्याचा हिस्सा नंतर वसूल करावा. म्हणजे भावाचा दोष 60 टक्के निघाला काय किंवा 80 टक्के निघाला काय, मोटारचालकाचा थोडाही दोष सिद्ध झाला तर वहिनी त्या मोटारीच्या विमा कंपनीकडून आपली पूर्ण भरपाई मागू शकतात. नवऱ्याची चूक बायकोच्या खात्यातून वजा होत नाही. एवढी साधी गोष्ट त्या टपरीवर कोणालाच ठाऊक नव्हती, आणि सल्ला द्यायला मात्र सगळे होते.

याशिवाय, दोष कोणाचा हा वादच नको असेल तर मोटार वाहन अधिनियमाचे कलम 164 आहे. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या या तरतुदीत मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरलेले आहेत, आणि चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. हाड मोडणे ही फौजदारी कायद्याप्रमाणे गंभीर दुखापतच आहे. अर्थात ही रक्कम स्वीकारली की कलम 166 खालचा, म्हणजे समोरच्याचा दोष सिद्ध करून मागायचा मोठा दावा संपतो, त्यामुळे कोणता मार्ग घ्यायचा हे वकिलाला विचारून ठरवावे. गटावर विचारून नव्हे.

वहीच्या पानाबद्दल. त्यावर सही भावाची आहे, वहिनींची नाही, त्यामुळे त्यांचा हक्क त्या कागदाने जात नाही. भावाच्या स्वतःच्या दाव्याला मात्र ‘चूक माझी आहे’ हे वाक्य जाचणार, कारण समोरच्या कंपनीचा वकील तोच कागद पुरावा म्हणून पुढे करील. शिवाय मोटार विम्याच्या पॉलिसीत, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये किंवा पैशाचे वचन देऊ नये, अशी अट छापलेली असते. म्हणजे असा कागद लिहून देणारा स्वतःच्या विमा कंपनीलाही हात वर करायला निमित्त देतो. सर्वांत मोठे नुकसान वेगळेच आहे. जागेवर मिटवले की पोलिसांत नोंद होत नाही, पंचनामा होत नाही, मोटारीची तपासणी होत नाही. 2022 च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तपासाचा अहवाल हाच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. नोंदच नसेल तर ही सगळी व्यवस्था हलतच नाही. फिर्याद उशिरा दिली म्हणून दावा आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितले आहे, तेव्हा आठवडा उलटला तरी पोलीस ठाण्यात जावे. दाव्यासाठी मात्र सहा महिन्यांची मुदत कायद्यात पुन्हा घातलेली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले तरी त्या भरवशावर घरी बसू नये.

लायसन्स आणि हेल्मेटबद्दल थोडक्यात. विनापरवाना गाडी चालवणे हा गुन्हा आहे आणि त्याचा दंड वेगळा भरावा लागतो. पण जखमी झालेल्याकडे लायसन्स नव्हते एवढ्यावरून अपघात त्याच्या चुकीने झाला असे म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच ठरवले आहे. दुचाकीवर तिघे बसले होते म्हणून उच्च न्यायालयाने भरपाईतून 10 टक्के कापले होते, तेही 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, कारण तिघे बसण्याचा आणि मागून मोटार धडकण्याचा संबंध कोणी दाखवलाच नव्हता. हेल्मेट नसताना डोक्यालाच मार लागला तर काही न्यायाधिकरणे रक्कम कमी करतात, हे मान्य करावे लागेल; मनगटाच्या हाडाचा हेल्मेटशी संबंध जोडणारा मात्र अजून भेटायचा आहे. उलट बाजूने, धडक देणाऱ्याकडेच लायसन्स नसेल तर विमा कंपनीला जखमीला पैसे देऊन नंतर गाडीमालकाकडून वसूल करण्याचा आदेश दिला जातो. म्हणजे लायसन्स नसल्याचा खरा फटका बसतो तो गाडीमालकाला.

मागून ठोकणाऱ्याबद्दलचे विधान अर्धे खरे आहे. पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर ठेवणे हे मागच्याचेच कर्तव्य आहे, आणि ट्रकच्या मागे 10 ते 15 फुटांवर मोटार चालवणे हे सुरक्षित अंतर नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटले. पण त्याच वर्षी, रात्री दिवे न लावता रस्त्यात उभ्या केलेल्या गॅस टँकरवर मागून आदळलेल्या मोटारीच्या प्रकरणात, मोटारचालकाच्या माथी निम्मा दोष टाकणारा उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून त्याच न्यायालयाने पूर्ण दोष टँकरचालकाचा धरला. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना मागे साधा लाल दिवा किंवा रिफ्लेक्टरही नसतो अशा आपल्या भागात हा दुसरा निकाल अधिक कामाचा आहे.

राहिला शेवटचा सल्ला, म्हणजे पळून जा. संदेशातला ‘नवा कायदा’ म्हणजे भारतीय न्याय संहिता. तिच्या कलम 106 च्या दुसऱ्या उपकलमात 10 वर्षांची शिक्षा आहे हे खरे, पण जानेवारी 2024 मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर केंद्र सरकारने ते उपकलम सोडूनच बाकी संहिता 1 जुलै 2024 पासून अमलात आणली. निष्काळजीपणे मृत्यू घडवल्याबद्दल सध्या पहिले उपकलम लागते, त्यात कमाल शिक्षा 5 वर्षे आहे. आणि ते न लागू झालेले उपकलम तरी काय म्हणते? ज्याच्या बेदरकार चालवण्याने मृत्यू झाला आणि जो पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला, त्याला 10 वर्षे. म्हणजे पळणाऱ्याला असलेल्या शिक्षेची भीती घालून हा संदेश लोकांना पळायला सांगतो आहे. ‘ज्येष्ठ वकिलांनी’ हे कलम उघडून पाहिले नसावे, एवढेच सौम्य शब्दांत म्हणतो.

जमाव मारेल ही भीती खोटी नाही; आपल्याकडे चालकाला ओढून मारल्याच्या बातम्या येतातच. पण कायद्याने ती भीतीही लक्षात घेतलेली आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 134 मध्ये जखमीला दवाखान्यात पोहोचवण्याची जबाबदारी चालकावर टाकताना, जमावाच्या रोषामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या कारणाने ते शक्य नसेल तर, असा अपवाद घातलेला आहे. तिथे उभे राहणे जिवावर बेतणार असेल तर चालकाने सरळ जवळचे पोलीस ठाणे गाठावे, तिथे अपघाताची खबर द्यावी आणि रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करावा; आपल्या विमा कंपनीला लेखी कळवणेही त्याच कलमाने त्याच्यावर टाकलेले आहे.