जुन्या लेझर डिंघीविषयी आपण नोंदवलेल्या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण दिलेला अभिप्राय आम्ही पूर्ण वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे, की वीस वर्षांहून जुनी लेझर डिंघी, म्हणजे शर्यतीची छोटी शिडाची होडी, आम्ही आपल्याला महाग विकली, आवारातली तिच्याहून नवी आणि चकचकीत होडी मात्र मर्जीतल्या गिऱ्हाइकासाठी मागे ठेवली, आपल्याला मोठे शीड हवे असताना लहान शीड घ्यायला लावले, हलक्या आधुनिक होडीचा विषय टाळला, शीड अस्सल दिले नाही, आणि आता दर शर्यतीनंतर होडीच्या पोटातून मगभर पाणी निघते. क्लबमध्ये एकट्याने चालवायची पहिली होडी शोधणारे अनेक जण आपला अभिप्राय वाचतील, म्हणून आम्ही जे केले त्यामागची कारणे येथे उघडपणे मांडत आहोत.

पाण्याची गोष्ट आधी घेतो, कारण बाकीचे विषय मतभेदाचे आहेत आणि हा सुरक्षिततेचा आहे. लेझरचे हल, म्हणजे शीड-डोलकाठी वगळता होडीचे मुख्य अंग, हे फायबरग्लासचे दोन भाग, वरचा डेक आणि खालचे पोट, कडेने एकमेकांना चिकटवलेले असतात. आत पोकळी असते आणि होडी उलटली तरी बुडू नये म्हणून त्या पोकळीत तरंगणारे साहित्य भरलेले असते. दुपारच्या उन्हात तापलेली होडी पाण्यात उतरवली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि जिथे बारीकशी फट असेल तिथून पाणी आत ओढले जाते. हा दाब निघून जावा म्हणून कॉकपिटच्या, म्हणजे बसण्याच्या खोलगट जागेच्या, पुढच्या भिंतीत एक लहानसे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते, आणि ते मीठ किंवा चिखल साचून बुजले तर हाच त्रास वाढतो. एवढ्या वयाच्या होडीतून जोरदार वाऱ्यातल्या शर्यतीनंतर मगभर पाणी निघणे आम्ही दोष मानत नाही. बादलीभर निघू लागले तर मात्र ती होडी दुरुस्त होईपर्यंत पाण्यात नेऊ नये, आणि हे आम्ही विक्रीच्या दिवशीही सांगितले होते.

पाणी कुठून येते हे ओळखण्याची रीत अवघड नाही. बेलरभोवतीचे (कॉकपिटमधले पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेभोवतीचे) सील आणि ट्रान्समच्या, म्हणजे होडीच्या मागच्या भिंतीच्या, बुचाचा वॉशर या दोन झिजणाऱ्या वस्तू आहेत. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते. त्यानंतर डॅगरबोर्डच्या (होडी आडवी घसरू नये म्हणून पाण्यात खाली सोडलेल्या फळीच्या) खोबणीचा वरचा आणि खालचा जोड पाहावा, आणि शेवटी डेक व पोट यांचा कडेचा सांधा, विशेषतः जिथे होडी धक्क्यावर किंवा दुसऱ्या होडीवर आपटली असेल तिथे. कॉकपिटच्या भिंतीतल्या त्या छिद्राला चिकटपट्टी लावून बुचाच्या जागेतून तोंडाने किंवा हातपंपाने अगदी हलकी हवा भरावी आणि सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवावे. जिथे फुगे येतील तिथे गळती. काही जण यासाठी टायरचा कॉम्प्रेसर लावतात. कृपया तसे कधीही करू नका, कारण एवढ्या दाबाने चांगला सांधासुद्धा उसवतो.

आपल्या होडीचे हल विकण्यापूर्वी आम्ही आपल्यासमोर काट्यावर ठेवले होते. नव्या हलचे वजन सुमारे ५९ किलो असते. आपले ६१ किलो भरले आणि तो आकडा तपासणीपत्रकावर लिहिलेला आहे. जुनी होडी घेताना रंगापेक्षा वजन पाहावे असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. आतल्या फोमने किंवा डेकच्या थराने पाणी धरले असेल तर हल कित्येक किलोंनी जड होते, आणि ते पाणी सहजासहजी सुकत नाही.

आता त्या नव्या, चकचकीत होडीविषयी. ती आम्ही कोणासाठीही राखून ठेवलेली नाही. ती आजही आमच्या शेडमध्ये डेकला हॅच (आत पाहण्यासाठीचे भोक) कापून उघडी पडलेली आहे. लेझरची डोलकाठी तारांनी बांधलेली नसते. ती डेकमधल्या एका नळीत नुसती उभी असते, त्यामुळे शिडाचा सगळा जोर डेकमधल्या भोकावर आणि नळीच्या तळावर येतो, आणि नळीत वाळू राहिली की फिरणारी डोलकाठी तो तळ पालिश कागदाप्रमाणे घासत राहते. ही नळी तळाशी सुटली तर भर वाऱ्यात डोलकाठी डेक फाडून बाहेर येऊ शकते. म्हणून आम्ही प्रत्येक होडीची नळी पाण्याने काठोकाठ भरून ठेवतो आणि काही वेळाने पातळी पाहतो. आपल्या होडीची पातळी हलली नाही. त्या नव्या होडीचे पाणी उतरले, शिवाय कॉकपिटच्या बाजूचा डेक अंगठ्याने दाबला की आत जात होता. ती होडी आपल्याला विकणे आमच्यासाठी सोपे होते, कारण आपल्याला ती पसंत होती आणि तिची किंमतही जास्त आली असती. कोणतीही जुनी लेझर घेताना, आमच्याकडून असो किंवा कोणाकडूनही, ही पाण्याची परीक्षा समोर करून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे.

शिडाबाबत आपण लिहिले आहे, की ऑलिंपिकमध्ये पुरुष जे शीड वापरतात तेच आपल्याला हवे होते. ही इच्छा आम्हाला समजते. विष्णु सरवणन यांनी टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये याच वर्गात, म्हणजे मोठ्या शिडाच्या एकसारख्या होड्यांच्या गटात, भारताचे प्रतिनिधित्व केले, हांगझूच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये कांस्यपदक मिळवले, आणि त्यानंतर या वर्गाची चौकशी करणारे आमच्याकडेही वाढले. पण जागतिक पातळीवर मोठे शीड चालवणाऱ्यांचे वजन ८० किलोच्या आसपास असते, आणि आपले वजन, आपणच अभिप्रायात लिहिल्याप्रमाणे, ६४ किलो आहे. लेझरला आज इल्का म्हणतात; मोठ्या शिडाच्या इल्का ७ चे शीड ७.०६ चौरस मीटरचे आहे आणि लहान शिडाच्या इल्का ६ चे ५.७६ चौरस मीटरचे. मुंबईच्या बंदरात हिवाळा सरल्यावर दुपारी वायव्येचा वारा चढतो, तेव्हा ६४ किलोंच्या माणसाला मोठे शीड सपाट धरता येत नाही. मग शीड सैल सोडावे लागते, होडी कलते, आडवी घसरते आणि वाऱ्याकडे चढतच नाही. लहान शीड पूर्ण भरून चालवणारा त्याच वाऱ्यात पुढे निघून जातो. नेत्रा कुमानन यांनी दोन ऑलिंपिकमध्ये जी होडी चालवली ती हीच, लहान शिडाची. त्यात कमीपणा काहीच नाही.

या वर्गाची खरी सोय अशी आहे, की हल तेच राहते आणि केवळ शीड व डोलकाठीचा खालचा भाग बदलला की शीड लहानमोठे होते. आपले वजन उद्या वाढले, किंवा घरातल्या किशोरवयीन मुलीला आणखी लहान शिडाच्या इल्का ४ वर शिकवायचे ठरले, तरी नवी होडी घ्यावी लागत नाही. हांगझूमध्ये नेहा ठाकूर यांनी इल्का ४ मध्ये रौप्यपदक मिळवले, त्या होडीचे हलही हेच.

हलक्या होडीचा विषय आम्ही टाळला नव्हता. आपण आरएस एरो या होडीबद्दल विचारले होते. २०१४ पासून मिळणारी ती होडी उत्तम आहे, तिचे हल ३० किलोंच्या आसपास असल्याने एकट्याने उचलायला सोपे जाते, आणि तिच्या बांधणीचे आम्ही मनापासून कौतुक करतो. परंतु आपल्या क्लबमध्ये दर रविवारी लेझर उतरतात आणि एरो एकही नाही. तिथे एरो घेतली असती तर आपली प्रत्येक शर्यत पोर्ट्समाउथ यार्डस्टिकच्या, म्हणजे वेगवेगळ्या होड्यांच्या वेळा तुलनेसाठी दुरुस्त करण्याच्या, गणितावर मोजली गेली असती. दहा सारख्या होड्यांमध्ये आपण आठवे आलो तर का आलो हे डोळ्यांना दिसते. सुरुवात चुकली, की भरतीचा प्रवाह चुकीच्या बाजूने घेतला, की टॅक (वाऱ्याकडे नाक फिरवून बाजू बदलणे) उशिरा मारला. वेगळ्या होडीत हे कळत नाही, आणि शिकणाऱ्याचे सर्वात मोठे नुकसान तेच आहे. शिवाय सुकाणूची पिन किंवा बूमचा (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याचा) फिटिंग तुटला तर लेझरचा शेजाऱ्याकडून उसना मिळतो. दुसऱ्या ठिकाणी स्वस्तात सांगितलेली जुनी फिन नावाची होडी आपण घेऊ नये असे आम्ही म्हटले, तेही याच कारणाने आणि वजनामुळे. फिन ८५ किलोंपुढच्या माणसाची होडी आहे.

किमतीविषयी एवढेच सांगतो. ब्रूस कर्बी यांनी १९६९ मध्ये आखलेला हा आराखडा आजही तोच आहे, या प्रकारच्या दोन लाखांहून अधिक होड्या जगभर बांधल्या गेल्या, आणि वर्गाचे नियम इतके कडक आहेत, की निरोगी जुने हल क्लबच्या शर्यतीत नव्याच्या बरोबरीने चालते. नवे हल थोडे अधिक ताठ असते आणि राष्ट्रीय पातळीवर त्याचा फरक पडतो, हे आम्ही लपवत नाही. पण नवी होडी परदेशातून येते, तिच्यावर जहाजभाडे आणि आयात शुल्क लागते, म्हणून आपल्याकडे चांगल्या जुन्या हलची किंमत सहसा उतरत नाही. आपण दिलेल्या रकमेत ट्रॉली, कव्हर, नवे दोर आणि कडा दुरुस्त केलेले डॅगरबोर्ड व सुकाणू यांचा समावेश होता. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या पुढे जातो, आणि ओहोटीला लांबवरून होडी ओढून आणताना ट्रॉली नसेल तर पहिल्याच महिन्यात हलचा तळ खरवडून निघतो.

शीड सरावाचे आहे, हे खरे आहे, आणि बिलावर "सरावाचे शीड, वर्गमान्य नाही" असे स्पष्ट लिहिलेले आहे. वर्गमान्य शिडावर खालच्या पुढच्या कोपऱ्याजवळ वर्गसंघटनेचे बटण असते. ते पाहूनच खरेदी करावी. आपल्या क्लबच्या रविवारच्या शर्यतींत सरावाचे शीड चालते, आणि पहिल्या हंगामात उलटणे, शीड फडफडणे, उन्हात राहणे हे होणारच असल्याने महागडे शीड त्यात खर्ची घालू नये, असे आमचे मत होते व आहे. राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचे ठरेल तेव्हा वर्गमान्य शीड आम्ही मागवून देऊ. आपल्या होडीचा क्रमांक हलवर स्पष्ट वाचता येतो, त्यामुळे नोंदणीला अडचण नाही.

आपण होडी येत्या कोणत्याही शनिवारी सकाळी कार्यशाळेत आणावी. साबणाच्या पाण्याची परीक्षा आपल्यासमोर करू, बेलरचे सील आणि बुचाचा वॉशर आमच्या खर्चाने बदलू, आणि हल पुन्हा काट्यावर ठेवू. वजन पूर्वीच्या आकड्यापेक्षा लक्षणीय वाढलेले निघाले, तर होडी परत घेऊन पूर्ण रक्कम देण्याची आमची तयारी आहे. मोठे शीड आणि त्याची खालची डोलकाठी आमच्याकडे आहे. हवी असल्यास काही रविवार विनामूल्य वापरून पाहा आणि दोन्हींतली आपली शर्यतीची जागा ताडून घ्या. होडी आणण्यापूर्वी बूच काढून आतले पाणी मात्र ओतू नका, म्हणजे ते किती आहे हे आपल्याला एकत्र मोजता येईल.