प्लेटलेट्सची पिशवी परत का घेतली नाही

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन दोन तक्रारी मांडल्या आहेत. एक, आमच्या लोकांनी प्लेटलेट्सची पिशवी बर्फाशिवाय हातात दिली. दुसरी, हॉस्पिटलने चढवणं पुढे ढकलल्यावर तुम्ही ती स्वतः बर्फात ठेवून परत आणली, तरी आम्ही ना पिशवी घेतली, ना पैसे परत केले. घरचं माणूस वॉर्डात असताना असं झालं तर कोणालाही संताप येईल. पण दोन्ही वेळा आमचे टेक्निशियन बरोबर वागले, आणि मी त्यांच्या पाठीशी आहे.

रक्त बर्फाच्या डब्यातून न्यायचं, ही सवय लाल पेशींमुळे लागली आहे. त्या २ ते ६ अंशांत ठेवतात. प्लेटलेट्सना २० ते २४ अंश लागतात, तेही ॲजिटेटरवर, म्हणजे पिशवी डोलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, सतत हलत्या. गारठल्या की या चपट्या पेशी गोल होतात, त्यांच्या पृष्ठभागावरची प्रथिनं एकत्र गोळा होतात आणि रुग्णाच्या शरीरात यकृत त्यांना ओळखून झपाट्याने काढून टाकतं. पिशवी चढते, पण काउंट, म्हणजे रक्तातली प्लेटलेट्सची संख्या, टिकत नाही. मर्फी आणि गार्डनर या संशोधकांनी अमेरिकेत १९६९ मध्ये हे दाखवून दिलं, आणि पुढे प्लेटलेट्स फ्रीजबाहेर ठेवायची पद्धत रूढ झाली. त्याची किंमतही मोजावी लागते: या तापमानात जंतू वाढू शकतात, म्हणून मुदत जेमतेम ५ दिवस.

अमेरिकेत थंड प्लेटलेट्स वापरतात असं तुम्ही लिहिलंय, ते खरं आहे. पण तो वापर चालू रक्तस्राव थांबवण्यासाठी असतो. काउंट काही दिवस टिकवून धरायचा असेल तिथे त्यांचा उपयोग नाही.

तुमची पिशवी काउंटरवर आली तेव्हा आम्ही ती उजेडासमोर धरून हलकेच हलवली. चांगल्या प्लेटलेट्समध्ये रेशमावर उजेड फिरावा तशी चमक फिरते. या पिशवीत ती नव्हती, नुसतं पिवळट, निश्चल पाणी दिसत होतं. अशी पिशवी दुसऱ्या कोणाच्या आईला किंवा मुलाला देणं माझ्याच्याने होणार नाही. ती वाया जाताना पाहणं आम्हालाही जड गेलं. डोनर तास-दीड तास सुई लावून बसला होता.

पैशांचं म्हणाल तर रक्ताची किंमत आम्ही घेत नाही. शुल्क एकदाच वापरता येणाऱ्या किटचं आणि एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग, मलेरिया या तपासण्यांचं असतं. पिशवी वाया गेली तरी तो खर्च झालेलाच असतो.

पुढच्या वेळी वॉर्डातल्या सिस्टरांनी 'आता चढवतोय' असं फोनवर सांगितलं की मगच पिशवी न्या. तोवर ती आमच्याकडे ॲजिटेटरवर राहील. उन्हाळा असेल तर बर्फ न घालता थर्माकोलच्या डब्यातून न्या, गाडीच्या डिकीत ठेवू नका. आणि रुग्णाला पुन्हा प्लेटलेट्स लागणार असतील तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे डोनर बोलावून ठेवता येईल.

— संचालक, रक्तपेढी