पोलीस ठाण्यात संगणक आल्यावर घ्यायची काळजी

साहेब, आपल्या गोव्यातल्या तुमच्या पोलीस ठाण्याच्या नोंदी संगणकावर आणायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय असं कळलं. घाबरू नका. हे काम देशात कित्येक वर्षं चालू आहे आणि त्यातून कुणा अधिकाऱ्याला फार इजा झाल्याचं ऐकिवात नाही. 1986 मध्ये देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी एनसीआरबी उभी राहिली. पुढे ‘सिपा’ ही ठाण्यांसाठीची संगणकप्रणाली आली. तिच्यात ठाण्याठाण्यात संगणक बसले, पण या संगणकाचं त्या संगणकाशी बोलणं नव्हतं, वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा, म्हणजे इन्व्हेंटरीचा, दावा चाललेल्या भावांचं असतं तसं. मग मुंबईवर 26/11 चा हल्ला झाला आणि 2009 मध्ये केंद्रानं 2 हजार कोटींची सीसीटीएनएस, म्हणजे सगळी ठाणी एकमेकांना जोडणारी यंत्रणा, मंजूर केली. आज 15 हजारांहून जास्त ठाणी तिच्यात आहेत. आता सगळी बोलतात. काय बोलायचं, ते मात्र अजून ठाण्यातच ठरतं, आणि तिथेच तुमचं कसब लागणार आहे.

कागदाचं रजिस्टर मुळीच बंद करू नका. 1861 च्या पोलीस कायद्यातली डायरी दीडशे वर्षांहून जास्त टिकली आहे, ती एका पासवर्डावर सोडायची? आधी शाईनं लिहा, मग त्यावरून टाइप करा, मग त्याची प्रिंट काढून फाइलला लावा. काम तिप्पट झालं म्हणून शिपाई कुरकुरतील. त्यांना सांगा, यालाच आधुनिकीकरण म्हणतात. शिवाय आपल्याकडचा पाऊस बघा. फायलींना बुरशी येते, संगणकाची वीज जाते. दोन्ही ठेवले तर जून ते सप्टेंबर काहीच न सापडायला दोन स्वतंत्र कारणं मिळतात.

मुख्य गोष्ट म्हणजे दार. यंत्रात गेलेलं पुसणं कठीण, म्हणून आत काय सोडायचं ते दारातच पाहायचं. पेडण्याचा कुणी आला, म्हणाला स्कूटर चोरीला गेली. त्याला आधी बसवा, पाणी द्या. मग मायेनं विचारा, “चोरीलाच गेली कशावरून? कुठे ठेवून विसरला नाहीत ना?” मोबाइल असेल तर प्रश्नच नाही. तो हरवलेलाच असतो. हरवण्याला आरोपी नसतो, तपास नसतो, आकडा नसतो. फारच हट्टी निघाला तर साध्या कागदावर अर्ज घ्या. पोच मागितली तर “सर्वर डाऊन आसा मरे” म्हणा. हे वाक्य कोकणीतच बोला, आपलेपणा वाटतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच सांगितलंय. पण ते एफआयआरबद्दल. अर्जाबद्दल कुठे काय म्हटलंय?

तरी एखादा एफआयआर झालाच, तर तो 24 तासांत संकेतस्थळावर टाका असा त्याच न्यायालयाचा 2016 चा आदेश आहे. त्यात संवेदनशील प्रकरणं वगळलेली आहेत. खरं तर ती सोय अत्याचार झालेल्या बायकामुलांसाठी आहे आणि ती असायलाच हवी. निर्णय मात्र उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा नाही. तुमच्या उपअधीक्षकांचं मन किती हळवं आहे, ते आधी जोखून ठेवा. कुणाच्या पुतण्याची गाडी कुणाच्या अंगावर गेली, यानंही काही मनं दुखावतात.

शोधाशोधीची चिंता नको, ती पोर्तुगीजांनी मिटवून ठेवली आहे. गावकर, शिरोडकर, बोरकर यांच्यातला ‘कर’ बापाच्या जन्मदाखल्यावर सीनं सुरू होतो आणि मुलाच्या आधारकार्डावर केनं. नाईक तर रोमन लिपीत किती प्रकारे लिहितात, ते खुद्द नाईकांना ठाऊक नाही. देशभरच्या कोट्यवधी नोंदी क्षणात चाळणारं यंत्र डिचोलीचा एक गावकर शोधताना घामाघूम होतं. बोटांचे ठसे घेतले तर हा घोळ सुटतो, म्हणून ठशांचं यंत्र दुरुस्तीला असलेलं बरं.

आपल्याकडे नोंदी होतच नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. भाडेकरू बघा. बिहारहून आलेला गवंडी, कर्नाटकातून आलेली भाजीवाली, सगळ्यांचे फोटो, आधार, गावचे पत्ते कसे चोख असतात! हॉटेलात परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो. तोही भरला जातो, निदान लहान गेस्ट हाऊसवाला तरी दंडाच्या भीतीनं भरतो. किनाऱ्यावरच्या क्लबात पहाटेपर्यंत काय चालतं, याचा रकाना मात्र सॉफ्टवेअरमध्ये दिलेला नाही. नसलेल्या रकान्यात तुम्ही तरी काय भरणार?

आता नवी भेट आली आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तक्रार ई-मेलनंही देता येते, फक्त तक्रारदारानं तीन दिवसांत सही केली पाहिजे. तुमचं ठाणं कळंगुटच्या बाजूला असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. सोनसाखळी गेलेला पर्यटक रविवारी रात्री मेल पाठवतो आणि सोमवारी सकाळी मोपावरून विमानात बसतो. त्याला लगेच नम्र उत्तर पाठवा: तक्रार मिळाली, गुरुवारच्या आत ठाण्यात येऊन सही करून जावी, येताना साखळीची मूळ पावती आणावी.