‘हवा काढा’ म्हणणाऱ्या अनामित वाचकास

अनामित महोदय (किंवा महोदया, कळायला मार्ग नाही),

पाईपची तंबाखू बरणीत भरून मुरवण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, खाली जशीच्या तशी आहे. बाकीच्यांना वर-खाली करावं लागू नये म्हणून गाभा इथे देतो: “पाईपची तंबाखू बरणीत हवेसकट कोंडायची हा शुद्ध अडाणीपणा आहे. आजीच्या लोणच्याचे नियम इथे लावू नका. व्हॅक्यूम केलं की तंबाखू वीस वर्षं तशीच राहते, कंपन्याही टिनमध्ये तेच करतात.” त्यापुढे वाळणं, बुरशी, लटाकिया (धुरावलेली तंबाखू), फ्रीझर, आर्द्रता राखणाऱ्या पुड्या, माळा आणि लेबलं यांवर एकेक वाक्य आणि शेवटी ‘अभ्यास वाढवा’ असा आशीर्वाद.

मतभेदाबद्दल तक्रार नाही. पण ‘शुद्ध अडाणीपणा’ हा शब्द नाव न लिहिता वापरायला फारसं काही लागत नाही. ‘तुमचं अमुक पटलं नाही, कारण तमुक’ एवढं लिहिलं असतंत तर हे उत्तर चार ओळींत संपलं असतं. बरण्या भरणं, वर्षानुवर्षं ठेवणं आणि त्यातल्या काही वाया जाताना बघणं हा माझा काल-परवाचा छंद नाही. तेव्हा अभ्यासाचं राहू द्या.

आता लोणचं. लोणच्यात आपण काय करतो? फोडी बुडतील इतकं तेल वर ओततो, कारण हवा लागू द्यायची नसते. म्हणजे हवा नको हा लोणच्याचा नियम आहे आणि तो तंबाखूला लावताय तुम्ही. मी लेखात नेमकं उलट लिहिलं होतं.

तुमच्या वाक्यातला खरा मुद्दा ‘तशीच राहते’ हा आहे. अहो, तशीच ठेवायची असती तर हा खटाटोप कशाला? आणली, ओढली, संपली. बरणी भरायची ती तंबाखू बदलावी म्हणून. हा बदल सर्वांत जास्त दिसतो व्हर्जिनिया या प्रकारच्या तंबाखूत. तिचं पान तोडल्यावर बंद कोठारात गरम हवेनं आठवडाभरात वाळवतात. आधी कमी आचेवर ते पिवळं होतं, तेवढ्यात त्यातल्या स्टार्चची साखर होते. मग आच वाढवून पान वाळवलं की ती साखर जागच्या जागी अडकते, चांगल्या पिवळ्या पानात वीसेक टक्क्यांपर्यंत. बर्ली या दुसऱ्या प्रकारचं पान सावलीत आठवडेच्या आठवडे टांगतात. ते हळूहळू मरतं आणि मरता मरता स्वतःची साखर खाऊन टाकतं. म्हणून बर्ली बरणीत पाच वर्षं ठेवली तरी थोडी गोलाई येते, फार काही नाही. त्याच काळात व्हर्जिनिया पिवळ्याची तपकिरी होते, वासातला गवताळपणा जाऊन सुक्या अंजिरा-मनुकांकडे झुकते आणि जिभेला चावणं कमी होतं. यात साखर आणि अमिनो आम्लांची संथ प्रक्रिया आहे, आणि सुरुवातीच्या दिवसांत सूक्ष्मजीवांचाही हात आहे. त्या सूक्ष्मजीवांना आधी थोडा प्राणवायू लागतो. तो ते स्वतःच संपवतात आणि पुढचं काम हवेविना चालतं. तुम्ही पहिल्याच दिवशी हवा काढली की ही पहिली पायरी गाळली. तंबाखू सडणार नाही, मान्य. पण वीस वर्षांनी ‘तशीच’ मिळाली म्हणून आनंद मानायचा असेल तर तो तुमचा आनंद.

हवा म्हणजे किती, तेही बघू. पाव लिटरच्या बरणीत ५० ते ६० ग्रॅम तंबाखू बसते. अर्ध्या लिटरच्या बरणीत ११० च्या आसपास. बोटांनी हलकं दाबून खांद्यापर्यंत भरा, ठासू नका. अशा पाव लिटरच्या बरणीत पानांच्या फटींतली आणि झाकणाखालची मिळून दोनशेएक मिलिलिटर हवा उरते, म्हणजे प्राणवायू चाळीस मिलिलिटर. एवढ्यावर ‘कोंडायची’ हा शब्द! ‘हवेनं वाळते’ असंही तुम्ही जाता जाता म्हटलंय. तीस अंशांना पूर्ण दमट झालेल्या एक लिटर हवेत पाणी मावतं ३० मिलिग्रॅम. दोनशे मिलिलिटरमध्ये सहा. तुमच्या ५५ ग्रॅम तंबाखूत पंधरा टक्के ओलावा धरला तर पाणी आहे आठ ग्रॅम, म्हणजे हजारपटीहून जास्त. आतली हवा तंबाखू वाळवत नाही. वाळवतं ते गळकं झाकण, कारण त्यातून आतली हवा रोज बाहेरच्या हवेशी अदलाबदल करत राहते.

त्यामुळे पंपावर पैसे घालण्यापेक्षा झाकणाकडे बघा. मेसन पद्धतीच्या बरणीला दोन भागांचं झाकण असतं: सपाट चकती आणि ती दाबून धरणारी आट्यांची रिंग. चकतीच्या खालच्या बाजूला कडेनं मऊ लेपाची कड असते, हवा अडवते ती तीच. भरून झाल्यावर बरणीचा काठ कोरड्या फडक्यानं पुसा. काठावर तंबाखूची एक काडी राहिली तरी तेवढ्याच जागेतून बरणी वर्षभर श्वास घेते. काडी कोरडी, बारीक असते, दिसत नाही. बोट फिरवलं की लागते. मग भरलेली बरणी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लेबलावर लिहा. सहा महिन्यांनी वजन एखाद-दोन ग्रॅमनं उतरलं असेल तर चकती बदला. बरणी तापवून झाकण ‘टॉक’ करून आत बसवायची काही गरज नाही. त्यात तंबाखू उगीच शिजते. जॅम-लोणच्याच्या बाटल्या वापरू नयेत, कारण झाकणाच्या लेपात मसाल्याचा वास मुरलेला असतो आणि तो धुऊन जात नाही. इंग्लंडच्या लेकलँड भागातल्या अत्तरी तंबाखूची झाकणंही याच कारणासाठी वेगळी ठेवावी लागतात.

कंपन्यांच्या टिनबद्दल. गोल टिनमधली निर्वात पोकळी अर्धवट असते आणि तिचं मुख्य काम झाकण जागेवर धरून ठेवणं. नाणं घालून झाकण उचकटलं की जो ‘फुस्स’ आवाज येतो तो त्याचाच. पानांमध्ये हवा राहतेच, म्हणून तर टिनमधली तंबाखूही मुरते. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. व्हॅक्यूमची तुमची नायलॉनची पिशवी आणि मशीन मात्र फ्लेकचे (दाबून पातळ कापलेल्या तंबाखूचे) काप दाबून त्यांची वीट करते. सोडवताना निम्म्याचा चुरा. हातपंपानं काचेच्या बरणीतली हवा खेचलीत तर फारसं बिघडणार नाही, साधणारही नाही. बंद गोल टिन असेल तर ते तसंच राहू द्या. चौकोनी टिनवर मात्र भरवसा नको, कोपऱ्यांशी त्यांची पकड लवकर सुटते. आणि समुद्राजवळ राहत असाल तर दर काही महिन्यांनी टिनची कड तपासा. गंजाचं टाचणीएवढं भोक पुरतं.

हवेमुळे बुरशी, हेही तुम्ही त्याच दमात म्हणालात. बुरशी पाण्यामुळे धरते. बरणीच्या आतली आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांवर राहिली तर हवा असूनही ती वाढत नाही. सत्तरीच्या वर गेली की धोका. म्हणून भरण्याआधी चिमूट दाबून सोडा: गोळा तसाच राहिला तर ओली आहे, करकरली तर कोरडी, हळूहळू उलगडली तर भरा. इंग्लंडमधल्या केंडलच्या सॅम्युअल गॉविथ या ब्रँडची फुल व्हर्जिनिया फ्लेक बरीच ओली येते. ती ताटलीत पसरून अर्धा-पाऊण तास ठेवल्याशिवाय मी बरणीत घालायला सांगणार नाही. मात्र जुलैत मुंबईत किंवा पणजीत हीच ताटली खिडकीशी ठेवलीत तर तंबाखू सुकायची सोडून आणखी ओलावा ओढेल. पावसाळ्यात बरण्या भरूच नयेत. भरायच्याच असतील तर एसी चालू असलेल्या खोलीत. पुण्यात एप्रिलमध्ये उलट घाई करावी लागते, तास-दोन तासांत पान करकरायला लागतं. पुढे कधी पानावर पांढरं काही दिसलं तर टॉर्च मारा. चकाकणारे, पानाला चिकटलेले कण असतील तर घाबरू नका, ते स्फटिक. लव असेल आणि कुबट वास येत असेल तर अख्खी बरणी फेका, वरचं काढून खालचं वाचवू नका.

बाकीचं थोडक्यात. लटाकिया ‘जुनी तितकी दमदार’ नाही. तिचा धुरकट वास वर्षांगणिक उतरतो. त्या मिश्रणात सुधारते ती सोबतची व्हर्जिनिया. फ्रीझर नको, गोठून पान ठिसूळ होतं आणि मुरणं थांबतं. आर्द्रतेची पुडी रोज उघडायच्या बरणीत ठीक, वर्षानुवर्षं बंद ठेवायच्या बरणीत काही कामाची नाही. सुगंधी मिश्रणं मुरवायला ठेवू नका, वरून मारलेला वास उडून जातो आणि खाली जे उरतं ते बहुतेक वेळा फिकं असतं. तुमच्या माळ्याचं म्हणाल, तर उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा भट्टी होतो. कपाटाचा तळ, अंधार आणि फार चढउतार नसलेलं तापमान एवढं बास.

आणि हो, मुरलेली तंबाखू सौम्य लागते म्हणून निकोटिन कमी झालं किंवा धूर कमी घातक झाला असं कुणी समजू नये. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण तुमच्याखाली लिहिणाऱ्या दोघांचा तसा समज दिसतोय.

लेबलाबद्दल तुमचं बरोबर. झाकणावर लेबल लावू नये, कारण झाकणं धुताना अदलाबदल होते. ते काचेवरच लावावं. लेखातलं ते वाक्य बदललं आहे. लेबलावर नाव, टिनवरची तारीख, बरणीत भरल्याची तारीख आणि वजन, चारही लिहा.

पुढच्या वेळी ‘वीस वर्षं’ लिहाल तेव्हा कोणती तंबाखू, किती ग्रॅम आणि कोणत्या साली पिशवीत घातली तेवढं सांगा. आणि शेजारी त्याच सालची बरणी ठेवली होतीत का, तेही.